वत्सलाक्कांची बढती

वत्सलाक्का हरायला लागल्या की शेंगा सोलायचा त्यांचा वेग वाढायचा. जिंकत असल्या तर एकेक शेंग निवांत, दाणा बघून, कीड बघून. हरत असल्या की सालं जगलीभर. जगली म्हणजे घरापुढचा उंच ओटा. बेंगळूरात चिकपेटच्या मागच्या गल्ल्यांतल्या जुन्या घरांना तो अजून आहे. त्या जगलीवर रविवारी दुपारी पाय पसरून बसलेली साठी ओलांडलेली बाई, एका बाजूला अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांची रास, दुसऱ्या बाजूला उशीला टेकवून उभा केलेला टॅब, आणि टॅबवर भाले-गदा घेतलेली चिमुकली माणसं एकमेकांना बडवतायत, हे बघून गल्लीतून जाणारा नवा माणूस थबकायचा. जुने थबकत नसत. जुने नुसतं विचारायचे, "अक्का, आज वर की खाली?"

मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होते. मी इचलकरंजीची. शाळा नववीत सुटली. घरात माणूस कमी पडला की पोरीची शाळा सुटते, तशीच सुटली. त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही. मग एका कापडवाल्यांच्या ओळखीने चिकपेटच्या साड्यांच्या होलसेल दुकानात लागले. काम घड्या घालायचं. सेल्समन गिऱ्हाइकापुढे साड्यांचा ढीग उलगडून टाकतो, गिऱ्हाईक दोन घेऊन जातं, आणि उरलेल्या ढिगाच्या पुन्हा नव्या मालासारख्या घड्या कुणीतरी घालायच्या असतात. ते कुणीतरी म्हणजे मी. कन्नड येत नव्हतं, हिंदी अडखळत होतं. रोज सकाळी शटर वर जाताना वाटायचं की आज मला काढून टाकणार. कशाबद्दल ते मलाही सांगता आलं नसतं.

अशा अवस्थेत पत्र्याची पेटी घेऊन या घराच्या दारात उभी राहिले, तर दार उघडून अक्का म्हणाल्या, "ये की गं. मी केव्हाची वाट बघतो."

बाई असून 'मी बघतो'. आमच्याकडच्या आज्या अशाच बोलतात. अक्कांच्या घराण्याला बेंगळूरात येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही माहीत नव्हतं. घरातली मराठी मात्र तशीच राहिली होती, वर कन्नडचा मुलामा चढलेली. 'थोडं'ला 'स्वल्प', 'बरं'ला 'सरी', आणि मला 'पुट्टी', म्हणजे पोरी. माझं खरं नाव त्यांनी भाडं ठरवताना एकदा विचारलं, पुन्हा कधी वापरलं नाही. त्या एका 'बघतो'ने माझी भीती त्या दिवसापुरती विरघळली.

खेळ आणला वरच्या खोलीतल्या निखिलने. निखिल पुण्याचा, इलेक्ट्रॉनिक सिटीत सॉफ्टवेअरमध्ये. मुलगा सरळ, बोलताना अर्धं इंग्रजी. सुट्टीच्या दिवशी जगलीवर बसून फोनवर खेळायचा. अक्कांनी विचारलं, "काय रे हे?" तो म्हणाला, "ऑटो बॅटलर आहे अक्का. थोडं कॉम्प्लिकेटेड आहे, तुम्हाला बोअर होईल."

हे वाक्य अक्कांनी त्याला पुढे इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी तोच हात जोडून म्हणायचा, "माझी चूक झाली, देवी, माफ करा."

खेळ असा. आठ जण, कुठले कुठले, एकमेकांना न दिसणारे. प्रत्येकापुढे एक पट. दर फेरीला एक छोटं दुकान उघडतं, त्यात पाच मोहरे विकायला असतात. कुणी धनुर्धारी, कुणी ढालवाला, कुणी मंत्र टाकणारा. जवळच्या नाण्यांतून हवे ते घ्यायचे, पटावर मांडायचे. एकाच जातीचे तीन मिळाले की त्यांचा एक मोठा होतो. दुकान उघडं असतं अर्धं मिनिट. मग दुकान बंद आणि लढाई सुरू, आणि लढाई मोहरे आपले आपण लढतात. आपण हात लावायचा नाही, लावताच येत नाही. हरलं की आपला जीव थोडा कमी होतो. जीव संपला की बाहेर. आठांतले पहिले चार टिकले त्यांचे गुण वाढतात, खालच्या चारांचे कमी होतात, आणि गुणांवरून दर्जा: लोखंड, कांसं, चांदी, सोनं, प्लॅटिनम, असं वर वर.

अक्कांनी पहिल्या दिवसापासून दर्जाला 'ग्रेड' म्हटलं, कारण त्यांचा सगळा जन्म ग्रेडमध्ये गेला होता. त्या एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होत्या. बारीक पितळी भाग येणार, ते मापात बसतायत का बघायचं, बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. डिप्लोमा झालेल्या, विभागातल्या पहिल्या बाई. वरच्या ग्रेडची बढती ठरली होती, फक्त कागद यायचा होता. कागद यायच्या आधी कारखानाच बंद झाला.

"कुणी माझं काही काढून घेतलं नाही गं," अक्का सांगायच्या, "आणि कुणी दिलंपण नाही. मधल्या पायरीवर पाय उचललेला, आणि जिनाच नाही."

म्हणून सोन्याच्या वर, प्लॅटिनमला, एकदा तरी जायचं हे त्यांनी धरलं होतं. "एक बढती मला माझ्या हाताने घ्यायची आहे," असं त्या भाजीवाल्यालासुद्धा सांगायच्या. खेळाचा हंगाम काही महिन्यांचा असतो. तो संपला की सगळ्यांनाच खाली ढकलून नव्याने सुरुवात. अक्का दोन हंगाम सोन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन अडकल्या होत्या. तिसरा चालू होता.

मला त्यांनी शिकवलं ते माझ्या घाबरटपणावर उतारा म्हणून. मी खेळायचे दुकानातल्या दुपारच्या शांत वेळेत, आणि चांदीच्या खाली कुजत पडले होते. एका रविवारी त्यांनी माझा डाव शेवटपर्यंत बघितला. मी आठवी आले.

"पुट्टी, मेलीस तेव्हा तुझ्याकडे नाणी किती होती बघितलीस?"

बघितलं नव्हतं. पिशवी गच्च भरलेली होती. साठवलेल्या नाण्यांवर त्या खेळात व्याज मिळतं, म्हणून मी व्याज मोडायचंच नाही असं ठरवून बसले होते.

"सावकार मेला, तिजोरी भरलेली!" अक्कांनी हात आपटला. "कुणासाठी ठेवली होतीस?"

"पुढे लागतील म्हणून."

"पुढे म्हणजे केव्हा? तुझं घर जळत होतं की. व्याज चांगलं, मी नाही म्हणत नाही. सुरुवातीला साठव. पण जीव अर्धा झाला की पेटी उघडायची. भीतीने साठवलेलं आणि विचाराने साठवलेलं दिसायला सारखंच असतं. मोडायची वेळ आली की कळतं कुठलं होतं."

मी त्याच संध्याकाळी कित्येक दिवस बघून ठेवलेल्या, नीट तळव्याच्या चपला घेतल्या. दिवसभर उभं राहायचं काम माझं, आणि पुढे लागतील म्हणून मी पातळ चपलांवर दिवस काढत होते.

निखिलची चूक माझ्या बरोबर उलटी. त्याला हवा तो मोहरा दुकानात आला नाही की तो नाणी टाकून दुकान पुन्हा पुन्हा नवं करून घ्यायचा. बोट थांबायचंच नाही. पिशवी रिकामी, मोहरा नाही, आणि मग, "लकच खराब आहे यार! सिस्टीम रिग्ड आहे!"

"निखिलप्पा," अक्का शेंगांवरून मान न उचलता, "बाकीच्यांचे पट बघितलेस?"

"त्याला वेळ कुठे असतो?"

"लढाई चालते तेव्हा काय करतोस?"

"लढाई बघतो."

"तू बघितल्याने ते जास्त जोरात मारतात काय?"

मला हसू आवरलं नाही. अक्कांनी त्याच्या फोनवर शेजाऱ्यांचे पट उघडून दाखवले. निखिलला जो मोहरा हवा होता तोच आणखी तिघे जमवत होते. सगळ्यांना मिळून त्या मोहऱ्याचे ठरावीकच नग असतात. तिघांच्या घरात गेले तर चौथ्याच्या दुकानात येणार कुठून? "ह्यात लक कुठे आलं? सगळी गल्ली अवरे विकते आणि तूपण टोपली घेऊन बसलास. पलीकडे कोथिंबीर विकणारा कुणी नाही, ते बघ की."

लढाई बघायची नाही हा अक्कांचा पहिला नियम होता. शेंगा त्यासाठीच. दुकान उघडं असताना हात टॅबवर, लढाई सुरू झाली की हात शेंगांवर, आणि डोळे शेजाऱ्यांच्या पटांवर. अवरेचा मोसम नसेल तेव्हा लसूण, बीन्स, चिंच, जे मिळेल ते. "आपलं काम मांडण्यापर्यंत. मांडून झालं की ते लढतील. तिथे ओरडून घसा कशाला फोडायचा?" माझ्यासारखीला, जी आईला फोन लागला नाही तर तासभर फोनकडे बघत बसायची, हे ऐकणं म्हणजे डोक्यावर कुणी थंड हात ठेवल्यासारखं होतं. चिंता गेली नाही. पण चिंता करताना हाताला काहीतरी निवडायला घ्यायचं, हे तेव्हापासून लागलं ते अजून आहे.

एकदा निखिल लागोपाठ हरत होता. हरला की लगेच पुढचा डाव, रागाने लाल, अंगठा आपटत. सोन्यातून चांदीत घसरायला आला तेव्हा अक्कांनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि तो सरळ तांदळाच्या डब्यात घातला.

"अक्का! डाव सुरू होतोय!"

"होऊ दे. जा, कोपऱ्यावरून कोथिंबीर आण."

"कोथिंबीर आहे घरात!"

"ती कालची आहे. ताजी आण. नीट बघून आण. पिवळं पान असलेली आणलास तर परत पाठवतो."

तो पाय आपटत गेला. आला तो बराच वेळाने, एका हातात कोथिंबीर आणि दुसऱ्या हातात केळी, कारण वाटेत त्याला भूक लागल्याचं लक्षात आलं होतं. सकाळपासून त्याने काही खाल्लंच नव्हतं. मग तिघांनी चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, खाल्लं, माझ्या घरून आलेल्या ठेच्याबरोबर, आणि दोन कॉफ्या तिघांत वाटून घेतल्या. तेव्हापासून घरात नियम झाला: लागोपाठ दोन हरले की कोथिंबीर. आमच्या त्या वर्षीच्या चटण्या फार हिरव्या झाल्या.

आणि चौथ्या नंबराचं. निखिलला पहिलाच यायचं असायचं. तिसरा-चौथा आला की तोंड पाडून बसायचा. पहिला यायच्या हट्टापायी चांगला चाललेला डाव मोडून मोठा मोहरा शोधत बसायचा, आणि सातवा यायचा. अक्का म्हणायच्या, "चौथा आलास तरी गुण वाढतात की रे. पहिल्याला जास्त, तुला कमी, पण वाढतात. रोज चौथा येणारा वर चढतो. एकदा पहिला आणि तीनदा आठवा येणारा तिथल्या तिथे."

मी हे ऐकत पाट्यावर लसूण ठेचत होते. शाळेत मी चौथी-पाचवी यायचे आणि घरी जाताना मान खाली घालायचे. कुणीतरी मला त्या वयात हे सांगायला हवं होतं, असं वाटलं. मग वाटलं, सांगितलं की आता.

एकदा अक्का आमच्या दुकानात आल्या. गौरीच्या आधीची गर्दी, गादीवर पाय ठेवायला जागा नाही. मी कोपऱ्यात घड्या घालत होते. अक्का एका बाजूला बसून नुसत्या बघत राहिल्या. एक साडी घेतली, तीसुद्धा बहिणीसाठी, पदर उन्हात नेऊन उलटसुलट तपासून. रात्री जेवताना म्हणाल्या, "तुमचे सेल्समन बाईच्या तोंडाकडे बघतात. तोंड खोटं बोलतं. घासाघीस करायची असते ना! तू घड्या घालतेस तर तुला हात दिसतात. बाईचा हात कुठल्या साडीवर परत गेला ते बघत जा."

मी बघायला लागले. एके दिवशी हुबळीहून आलेल्या एका बाई 'काही पसंत नाही' म्हणत उठल्या, तेव्हा मी घडी घालून ठेवलेली एक जांभळी साडी परत काढून त्यांच्यासमोर ठेवली. बोलले काही नाही, तेवढं कन्नड नव्हतंच. त्या पुन्हा बसल्या. मालकांनी बघितलं. पुढच्या महिन्यापासून मला घड्यांवरून काउंटरला घेतलं. मी पेढे घेऊन गेले तर अक्का म्हणाल्या, "सरी, सरी. ग्रेड वाढली. आता माझी राहिली."

त्यांची राहिलीच होती. आणि गंमत अशी की आम्हा दोघांच्या चुका मापात न बसणाऱ्या पितळेसारख्या वेचून काढणाऱ्या अक्का एक चूक रोज, प्रत्येक डावात, डोळे उघडे ठेवून करायच्या.

त्यांनी मोहऱ्यांना नावं दिली होती. मोठी ढाल घेऊन पुढे उभा राहायचा तो नरसिंहमूर्ती. मागून मंत्र टाकणारी पांढऱ्या झग्यातली बाई ती फिलोमिना. धनुष्यवाला जावेद. आणि दोन तलवारी घेऊन गरागरा फिरणारी कावेरम्मा. हा सगळा त्यांचा तपासणी विभाग. साहेब नरसिंहमूर्ती, शेजारच्या टेबलावरची फिलोमिना, गेज सांभाळणारा जावेद, आणि कावेरम्मा, जिच्या तोंडाला अख्खा कारखाना घाबरायचा. दुकानात काहीही येवो, अक्का हे चौघेच गोळा करायच्या. मिळाले की खूश: "आला बघ जावेद! उशिरा येतो, पण येतो." नाही मिळाले तर वाट बघत बसायच्या, आणि तोवर मार खायच्या.

निखिलने हे ओळखलं. हंगाम संपायला एक आठवडा उरला होता. तो घसा साफ करून म्हणाला, "अक्का, राग मानू नका. तुम्ही आम्हाला सांगता ना, दुकानात जे येतं त्यातून टीम बांधायची? तुम्ही दर वेळी सेम टीम फोर्स करता. म्हणून सोन्यात अडकलायत. लोकांना कळतं, ते तुमच्या विरुद्ध मांडतात. मधेच ते चौघे विकून दुसरं बांधलं ना, तर तुम्ही कधीच वर गेला असता."

शेंगा थांबल्या.

"मूर्ती सरांना विकू?"

"अक्का, तो मोहरा आहे."

"माहीत आहे मला काय आहे ते!"

असं तोडून बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्या उठून आत गेल्या. निखिल माझ्याकडे बघायला लागला. मला तर वाटलं, आता दोघांनाही खोली सोडायला सांगणार. माझं मन तिकडेच धावतं. मी पेटीत काय काय आधी भरायचं तेही ठरवून टाकलं.

तासाभराने अक्का कॉफी घेऊन बाहेर आल्या. तिघांचीही. आणि जगलीवर बसून, कुणाकडे न बघता बोलायला लागल्या. त्यांच्या विभागात कुणी निवृत्त झालं की त्याला म्हैसुरी पेटा, म्हणजे पगडी, बांधायचे, शाल, फळांची परडी. ते सगळीकडेच असतं. पण यांच्या विभागाची आणखी एक पद्धत होती. जाणाऱ्याला प्रत्येकाने एक तक्रार सांगायची आणि एका गोष्टीबद्दल आभार मानायचे. नुसते आभार चालायचे नाहीत. मूर्ती सर म्हणायचे, तक्रार न करता जो निरोप देतो त्याने माणूस तपासलेलाच नाही.

"कारखाना बंद झाला तेव्हा आम्ही सगळे एकाच दिवशी घरी. कुणी कुणाला पेटा बांधायचा? फाटकाजवळ उभे राहिलो, बस आली, चढलो. मूर्ती सर पुढच्या वर्षी गेले. जावेद मुलाकडे, लांब. कावेरम्मा कुठे आहे माहीतसुद्धा नाही. फिलोमिना एक तेवढी आहे, फोन करते." कॉफीचा घोट घेऊन त्या म्हणाल्या, "दुपारी चौघे एका टेबलावर आले की बरं वाटतं. तेवढंच. त्याला तुम्ही चूक म्हणा. चूक आहेच."

 निखिल आपण होऊन कोथिंबीर आणायला गेला.

हंगामाचा शेवटचा दिवस रविवार होता. सकाळपासून अक्का चांगल्या खेळल्या, पण तशाच, आपल्या विभागाबरोबर: एकदा वर, एकदा खाली. दुपार उतरताना हिशेब असा उरला की आता एक डाव, आणि त्यात पहिल्या चारांत आल्या तर प्लॅटिनम. नाहीतर पुन्हा तळापासून. कोपऱ्यावरचा फुलवालासुद्धा येऊन जगलीच्या पायरीवर टेकला. मी शेंगांचं सूप मांडीवर घेतलं, पण माझ्या हातून दाणे बाहेर आणि सालं सुपात पडायला लागली.

विभाग लवकर जमला. फिलोमिना, कावेरम्मा, मूर्ती सर, जावेद. आणि हरायला लागला. दोघांचे पट नेमके त्यांच्याविरुद्ध मांडलेले होते. अक्कांचा जीव अर्ध्यावर आला, मग त्याखाली. त्यांच्या नाण्यांची पिशवी भरलेली होती. निखिलने ओठ दाताखाली धरले होते. मी त्याला कोपराने ढोसलं, बोलू नकोस.

दुकान उघडलं. पाचही मोहरे भलतेच, विभागातलं कुणी नाही. पण त्यांतले तीन एकमेकांना लागणारे, आणि शेजाऱ्यांपैकी कुणी त्यांना हात लावलेला नव्हता. अक्कांनी ते बघितलं. त्यांनी बघितलं हे आम्हीही बघितलं.

त्यांनी जावेदवर बोट ठेवलं. "जावेद, एकही दिवस वेळेवर आला नाहीस. पण माझा डबा विसरला की तुझा अर्धा मला दिलास." आणि विकला.

"कावेरम्मा, तू मला सगळ्यांसमोर बोललीस, मी रडलो. पण मला त्रास देणाऱ्या त्या फोरमनला तूच पळवून लावलंस." विकली.

"अक्का, टाइम!" निखिल कुजबुजला.

"स्वल्प थांब रे. फिलोमिना, तुझा केक दर वर्षी कच्चा असतो. पण दर वर्षी आणतेस." विकली.

मूर्ती सरांवर बोट आलं आणि राहिलं. घड्याळाची पट्टी जवळजवळ संपली होती. "सर, तुम्ही माझी फाइल उशिरा वर पाठवलीत," अक्का अगदी हळू म्हणाल्या. "पण पाठवलीत." आणि त्यांना विकून, तीन नवे मोहरे उचलून पटावर टाकले. शेवटचा नीट जागेवर बसला आणि दुकान बंद झालं.

मग लढाई. आयुष्यात पहिल्यांदा अक्कांनी शेंगांना हात लावला नाही, टॅबकडेही बघितलं नाही. पलीकडच्या भिंतीवरच्या मांजराकडे बघत बसल्या. त्या बिननावाच्या पोरांनी ती फेरी काढली, पुढची काढली. उरलेली नाणी अक्कांनी हात सैल सोडून वापरली. मग एक फेरी हरल्या, आणि जीव नखभर राहिला. पाच जण उरले होते. आणखी एक बाहेर पडला की झालं. पुढची लढाई अक्काही हरत होत्या आणि पाचवाही कुठेतरी कुणाशी हरत होता. आधी कोण पडतो एवढाच प्रश्न. फुलवाला उभा राहिला. मी डोळे मिटले.

निखिलच्या किंकाळीने उघडले. पाचवा आधी पडला होता. दोन क्षणांनी अक्का पडल्या. चौथ्या.

टॅबवर निळसर झगमगाट झाला, त्यात लिहून आलं प्लॅटिनम. फुलवाल्याने ओंजळभर सुटी शेवंती टॅबवरच टाकली. निखिल नाचत होता. नाचता नाचता थांबून म्हणाला, "पण अक्का, उद्या रीसेट आहे. पुन्हा खालीच जाणार."

"जाऊ दे की. झाली ती झाली. कोण काढून घेतो ते बघतो." आणि त्यांनी फिलोमिनाला फोन लावला. स्पीकरवर. "फिलोमिना, आज तुला विकलो बघ!"

पलीकडून कन्नड-इंग्रजीत बराच गोंधळ झाला. मग फिलोमिना बाईंनी विचारलं, कितीला? अक्का म्हणाल्या, दोन नाण्यांना.  मग, "आणि त्या कावेरम्माला?"

"तीन."

फोन आपटल्याचा आवाज आला. पाच मिनिटांनी परत त्यांचाच फोन आला, आणि दोघी मग दिवेलागणीपर्यंत हसत होत्या.

त्यानंतर अक्का रोज खेळत राहिल्या, पण मोहऱ्यांना नावं दिली नाहीत. जो येईल तो. कधी वर, कधी खाली. शेंगांचा वेग मात्र एकसारखा.

वर्षभराने आमच्या मालकांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटमध्ये, छोटं दुकान काढलं आणि ते सांभाळायला मला सांगितलं. रोज येऊन-जाऊन जमणार नव्हतं, म्हणून तिकडेच खोली घेतली. पुढे अक्काही म्हैसूरला बहिणीकडे गेल्या. तिथे बहिणीलाही खेळाला लावलंय असं निखिल सांगतो. पण माझ्या डोळ्यांपुढे आहेत त्या मी निघाले त्या दुपारच्या अक्का.

रिक्षा दाराशी आली होती. मागे गादीची वळकटी आणि पेटी दोरीने बांधलेली. अक्का जगलीवर, डाव चालू. मी वाकून नमस्कार केला तर त्यांनी टॅबवरून नजर न काढता माझ्या डोक्यावर हात ठेवला. नवीन जागा, नवीन दुकान, भीती मात्र जुनीच. रिक्षावाला घाई करत म्हणाला, "बेगा, अम्मा." मी बसणार तेवढ्यात लढाई सुरू झाली आणि अक्का ताडकन उठून पायऱ्या उतरून आल्या. मागे जाऊन त्यांनी दोरी ओढून बघितली.

"ही गाठ कुणी मारली?"

"मीच."

"पहिल्या खड्ड्याला सुटेल." त्यांनी गाठ सोडली. गादी सरळ केली, पेटी आत सरकवली, दोरी पुन्हा फिरवून घट्ट आवळायला लागल्या. मागे जगलीवर टॅबने घंटा वाजवली. लढाई संपली होती, दुकान उघडलं होतं.

"अक्का, दुकान," मी म्हटलं.

"हं," त्या म्हणाल्या, आणि दुसरा वेढा घ्यायला वाकल्या.